पुसट काढलेला चेहरा

गूढ अनुभवांच्या या सदरात लिहिणारे बहुतेक जण "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता" म्हणून सुरुवात करतात, आणि दुसऱ्या पानावर तो बसलेला असतो. माझं तसं झालेलं नाही. माझा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. म्हणून तर ही हकीकत पंचवीस वर्षं कुणाला सांगितली नाही… सांगितली की पुढचा माणूस विचारणार, "मग ते होतं तरी काय?" आणि तिथे माझी बोलती बंद होते.

मी फोटोग्राफर. लोणावळ्याच्या बाजारात माझं लहानसं दुकान आहे. आमच्या धंद्यात भुतं फार येतात. कुणाच्या फोटोत नवरदेवामागे पांढरी आकृती उभी असते, कुणाच्या आजोबांच्या खांद्यावर तिसराच हात असतो. लोक भीत भीत फोटो आणून दाखवतात आणि मी दोन मिनिटांत कारण सांगतो — एकाच काचेच्या प्लेटवर दोनदा फोटो घेतलाय, कॅमेऱ्याच्या भात्याला भोक पडलंय, नाहीतर मधेच कुणीतरी उठून गेलंय. एका गृहस्थांच्या घरचं भूत तर मी प्लेट पुन्हा एकदा नीट धुऊन घालवलं होतं. त्यांना ते फारसं आवडलं नाही. सांगायचा मुद्दा, फोटोत काय काय बिघडू शकतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

हल्ली पुन्हा लढाई चालू आहे. मावळातली माणसं पुन्हा दूरदेशी गेली आहेत आणि त्यांच्या घरचे लोक तिकडे पाठवायला फोटो काढून नेताहेत. परवा एक म्हातारी आली आणि म्हणाली, "भाऊ, समदी हसताना दिसू द्या, त्याला वाटलं पायजे हितं बरं चाललंय." तेव्हापासून ती जुनी गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

पहिली लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. मी तिशीच्या आतला होतो आणि अंगात रग होती. दुकानात त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रंगवलेला पडदा होता — खांब, जिना, कारंजं आणि कोपऱ्यात मोर. त्या कारंज्यासमोर माणसं बसवून बसवून मला वीट आला होता. मला लोकांच्या अंगणात, खऱ्या उजेडात, घरच्या माणसांचे फोटो काढायचे होते. पण बाहेर फोटो काढला की एक पंचाईत होते. मागचं कुंपण, झाड, दोरीवरचे कपडे, सगळं माणसाइतकंच स्पष्ट येतं आणि कुणाच्या तरी डोक्यातून फांदी उगवल्यासारखी दिसते. महिनोन्‌महिने खटपट करून मी त्यावर तोड काढली होती. लेन्सचं भोक पूर्ण उघडं ठेवायचं. माणसं पुढे घ्यायची आणि मागच्या झाडीपासून वीस-पंचवीस पावलं तरी लांब बसवायची. जिथे पानांतून आभाळ चमकतं ती जागा सोडायची, कारण तिथे पांढरे ठिपके उठतात. मागे सावलीतली झाडी नाहीतर लांबचा डोंगर धरायचा. मग माणसांच्या पापण्या मोजून घ्याव्यात. पायाजवळचं गवत स्पष्ट, त्यामागचं जरा कमी, आणि असं करत करत मागचं सगळं पुसट होत जातं. आपल्या डोळ्यालाही तसंच तर दिसतं. समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्या मागचं झाड आपण कुठे नीट बघतो?

गिऱ्हाइकांना मात्र ते काही केल्या पटायचं नाही. कुणी म्हणे, बैल उभे केले होते त्यांची तोंडं कुठे आहेत. कुणी म्हणे, नवी विहीर बांधली ती दिसतच नाही. एकाने तर दुकानात येऊन फोटो माझ्या पुढ्यात ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, अर्धा फोटो काडायचा ऱ्हायलाय, तेवढा काडून द्या." मी रागाने लाल व्हायचो आणि तरी तसेच फोटो काढत राहायचो.

मळवलीला मुंबईच्या एका शेटजींचा बंगला होता. त्यांच्या कुटुंबाचा फोटो मी तिथल्या हिरवळीवर काढला. काळ्या कापडाखाली डोकं घालून पाहिलं तर मागे कुंपणापाशी बंगल्याचे माळीबुवा कात्री घेऊन उभे. त्यांना बाजूला व्हा म्हणायला हवं होतं. पण पुसटच येणार आहेत, म्हटलं असू दे. फोटो उत्तम आला. शेटजींना आवडला आणि त्यांनी तो दिवाणखान्यात लावला.

त्यानंतर काही महिन्यांनी, दिवाळी होऊन गेल्यावर, तेच माळीबुवा दुकानात आले. भाजे गावचे धोंडिबाआबा. खांद्यावर घोंगडी, पायांवर मळवलीपासून चालत आल्याची धूळ. मी बसा म्हटलं तरी उभेच.

"शेटजींच्या दिवानखान्यात तुमी काडलेला फोटो हाय," ते म्हणाले. "म्या रोज पुसतो त्यो. त्यात मागं कुंपनापाशी म्या हाय."

मला वाटलं, हेही तक्रार घेऊन आले. मी म्हटलं, "आहात, पण पुसट आहात. ते मुद्दाम तसं केलेलं असतं, आबा."

"व्हय, त्येच म्हनतोय. मानूस हाय ह्ये कळतंय, पर कंचा मानूस ह्ये कळत न्हाई. माजी बायको झाडायला आलती, तिला बी म्या वळखू आलो न्हाई." घोंगडीची दशी ते बोटाला गुंडाळत होते. "मला तसलाच एक फोटो पायजे."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. त्यांचा एकुलता मुलगा किसन पलटणीबरोबर बसऱ्याला होता. पायाला गोळी लागून तो तिकडच्या इस्पितळात पडला होता. त्याचं पत्र आलं होतं, घरच्या सगळ्यांचा फोटो पाठवा, सोना आणि ठकी एकदा डोळ्यांनी दिसू देत. सोना त्याची बायको, ठकी त्याची तीन वर्षांची मुलगी. शेजारच्या गावचा एक शिपाई तिकडून परत आला होता. त्याने आबांना सांगितलं होतं की किसन भिंतीकडे तोंड करून पडून असतो आणि पुढ्यातलं जेवण तसंच ठेवतो.

आणि सोना नवरात्रातच गेली होती. त्या साली तापाची साथ आली होती ना, तिच्यात चार दिवसांत आटोपली. किसनला हे कुणी कळवलं नव्हतं. पत्रात सगळी खुशाल आहेत असंच लिहीत होते.

"आत्ता कळलं तर त्यो तितंच मरंल, भाऊ," आबा म्हणाले. "हितं आला की म्या म्होरं बसवून सांगंन. पर जगून तर येऊ दे. सोनाची धाकली भन हाय, हिरा. अंगानं तशीच हाय, उंचीला बी. तोंड न्हाई तसं. तिला सोनाचं लुगडं नेसवून मागं उबी करतो. तुमचं मागचं पुसट येतं नव्हं?"

मी म्हटलं, "आबा, हे बरोबर नाही."

"बरुबर न्हाईच," ते म्हणाले आणि तेव्हा पहिल्यांदा बाकावर बसले.

मी हो म्हटलं. दया आली म्हणून म्हटलं, हे खरं. पण सगळं खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. माझ्या उभ्या धंद्यात मागचं पुसट हवं म्हणून आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक होतं. कुठेतरी मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीने मळवलीला उतरलो आणि कॅमेऱ्याची पेटी, तीन पायांचं तिकाटणं घेऊन भाज्याला गेलो. भातं झोडून झाली होती. खळं सारवून लख्ख होतं आणि त्याच्या पलीकडच्या कडेला पेंढ्याची मोठी गंजी रचलेली होती, तिच्यामागे लांबचा डोंगर. कोवळं ऊन माझ्या पाठीमागून सरळ खळ्यावर पडत होतं. मधे झाड नाही, भिंत नाही, काही नाही. अशी जागा मला शोधून सापडली नसती.

आबा आणि त्यांची बायको पारूआई पुढे बसले, ठकी आजीच्या मांडीवर. पंचवीस पावलं मागे, गंजीपाशी, हिरा. हिरवं लुगडं, डोईवर पदर, कमरेवर घागर. म्हणजे पत्रात लिहिता येईल की सोना पाण्याला निघाली होती, लाजून पुढे बसली नाही. पोरगी सतरा-अठराची असेल. मी तिच्याजवळ जाऊन कुठे उभं राहायचं ते दाखवलं आणि सवयीने नाव विचारलं. ती तोंड उघडणार एवढ्यात पुढून पारूआई म्हणाल्या, "सोना म्हना तिला आज. सकाळपासनं आमी तसंच हाळी मारतोय, म्हंजी ठकीला सवं हुईल."

ठकीला सवय काही झाली नव्हती. "तिकडं कोन उबी हाय? आई म्हन," असं आजीने दोनदा शिकवलं आणि ठकीने दोन्ही वेळा "मावशी" म्हटलं.

हिरा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "माजं तोंड दिसनार न्हाई ना?"

मी म्हटलं, "नाही, बिलकुल दिसणार नाही. काळजी करू नका."

तिला धीर द्यायला म्हणून मी ते म्हटलं होतं. ती खाली मान घालून उभी राहिली. मी काळ्या कापडाखाली गेलो. कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर आबांच्या पागोट्याचा पीळ न्‌ पीळ दिसत होता आणि मागे हिरव्या रंगाचा एक ओघळ, त्यावर पिठाच्या बोटाने पुसल्यासारखा चेहरा. फोटो घ्यायचा रबरी फुगा दाबला. एकच प्लेट घेतली, कारण ठकी पुन्हा इतकी गप्प बसेल याची खात्री नव्हती.

संध्याकाळी प्लेट धुतली. भिंग लावून पाहिली. जसं हवं होतं तसंच. पुढची तिघं लखलखीत, मागे नाक-डोळे काही नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात कागदावर उतरवली, पुठ्ठ्यावर चिकटवली, मागे दुकानाचा शिक्का मारून पेन्सिलने प्लेटचा नंबर घातला. तो एकच फोटो मी काढून दिला. आबांनी माझ्यासमोर तो हातात धरून निरखला, पारूआईंनी निरखला. "कुनी म्हनंल सोनाच हाय," असं पारूआई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं. हे इतक्या तपशिलाने सांगतोय, कारण फोटो पाकिटात गेला तेव्हा तो कसा होता याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तिघांनी पाहिला होता.

दोन-अडीच महिन्यांनी आबा एक पत्र घेऊन आले. गावच्या मास्तरांकडून वाचून घेतलं होतं, पण आबा म्हणाले, मास्तरांना नीट वाचता आलं नसावं, भाऊ तुम्ही वाचा. किसनच्या शेजारच्या खाटेवरच्या कुणा हवालदाराने ते किसनच्या तोंडून लिहून घेतलं होतं, अक्षर मोत्यासारखं. मास्तरांनी वाचलं ते बरोबरच होतं. फोटो पोचला. आबा, आई आणि ठकी पुसट आली आहेत, तुमची तोंडं नीट दिसत नाहीत याचं वाईट वाटलं. सोना तेवढी साफ आली आहे. मी आता दोन्ही वेळ जेवतो. माझी काळजी करू नका आणि सोनाचीही करू नका.

आबांचा चेहरा पाहवत नव्हता. मी त्यांना समजावलं. म्हटलं, आजारी माणूस, अंगात ताप असेल. ज्याला जे बघायची आस लागलेली असते त्याला ते दिसतं. जेवायला लागलाय ना, मग झालं तर. आबा "व्हय व्हय" म्हणत पत्र घडी करत राहिले, उलगडत राहिले. मला स्वतःला ते कारण शंभर टक्के पटलं होतं. उलट "पुढची पुसट आली" हे वाचून धंद्याच्या माणसाला जी चीड येते ती मला आली होती, हेही कबूल करतो.

वैशाखात एक दिवस सकाळी दुकान उघडत होतो, तर पायरीवर एक जण बसलेला. खाकी कोट, हातात काठी, एक पाय लांब केलेला. मुंबईकडून येणारी गाडी आधी लोणावळ्याला येते आणि मग मळवलीला. तो घरी जायच्या आधी इथेच उतरला होता.

"भाज्याचे धोंडिबा, शेटजींच्या बंगल्यावर असत्यात, त्येंचा म्या किसन," तो म्हणाला. "फोटोमागं तुमचा शिक्का हाय, म्हनून आलो." आणि त्याने मेणकापडात गुंडाळलेला फोटो काढून माझ्या हातात दिला.

मी पाहिला आणि म्हटलं, "हा माझा नाही."

मी फोटो उलटा केला. माझा शिक्का. माझ्याच हातचा, पेन्सिलने घातलेला नंबर. पुन्हा सुलटा केला. पुढे तीन माणसं बसलेली, पण पुसट. पागोटं कळतं, मांडीवर मूल आहे हे कळतं, चेहरे नाहीत. आणि मागे पेंढ्याची गंजी काडी न्‌ काडी मोजावी अशी स्पष्ट. तिच्यापाशी घागर घेऊन एक बाई उभी. लुगडं तेच. पण ती हिरा नव्हती. हिरा खाली बघत होती; ही सरळ बघत होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. हनुवटीवर गोंदलेला ठिपका. मी आयुष्यात कधी न पाहिलेली बाई माझ्या फोटोत उभी होती.

मी आत जाऊन खोक्यातून ती प्लेट काढली आणि दारातल्या उजेडात धरली. पुढची तिघं लखलखीत, मागे पुसट. किसनचा फोटो तिच्याखाली धरला. आबांचं पागोटं, गंजी, घागर, सगळं जागच्या जागी बसलं. फोटो त्याच प्लेटचा होता. आणि तसं होऊच शकत नाही. आमच्या धंद्यात प्लेटवर कागद चिकटवून उन्हात ठेवतात, बस्स. प्लेटवर जे नाही ते कागदावर कुठून येणार? स्पष्टाचं पुसट एक वेळ होईल. पुसटाचं स्पष्ट ब्रह्मदेवाला करता यायचं नाही.

किसन माझ्या तोंडाकडे बघत होता. मी खोटं बोलायचं की खरं, हे ठरवत होतो. त्यानेच माझी सुटका केली.

"मला ठावं हाय, भाऊ. तुमी काय सांगू नका." तो बाकावर बसला. "फोटो हातात आला तवा पैल्यांदा वाटलं, फोटोवाला कच्चा हाय. आबा न्हाई, आई न्हाई, पोरगी न्हाई, कुनाचंच तोंड न्हाई. मंग तिच्याकडं बघितलं. आबा म्होरं बसल्यात, आई बसलीया, आन्‌ ती बिनपदराची उबी. थेट बघतीया. आबांच्या म्होरं तिनं कदी मान वर केली न्हाई. घरात म्या असलो तरी करायची न्हाई. तवा कळलं, आता तिला कुनाची भीड ऱ्हायली न्हाई." काठी बाजूला ठेवत तो म्हणाला, "त्या दिशी लय रडलो. मंग जेवलो."

मी त्याला चहा दिला. तो प्लेट उजेडात धरून बघत बसला.

"ही मागची कोन?"

मी सांगितलं, "हिरा. तुझी मेहुणी. सोनाचं लुगडं नेसवून उभी केली होती."

"मंग हिचं तोंड कुटं हाय?"

मी म्हटलं, "मीच पुसलं."

त्यावर तो काही रागावला नाही. म्हणाला, "तुमी या माज्यासंगं. फोटोचं मिशिन घ्या. आबा मला सांगायला बसतील तवा त्येंच्याकडं बघवायचं न्हाई मला. तुमाला समदं ठावं हाय. कुनीतरी असलेलं बरं."

पुढच्या गाडीने आम्ही मळवलीला उतरलो. त्याचा पाय ओढत होता, तरी पेटीचा एक कान त्याने धरलाच. आबा खळ्याच्या कडेला दोर वळत बसले होते. मुलाला बघून ते उठले, दोन पावलं आले आणि तिथेच थांबले. सात महिने जे पोटात धरून ठेवलं होतं ते त्यांना आता बोलायचं होतं.

"किसन्या, सोना…"

"ठावं हाय मला, आबा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं असं त्यांना वाटलं असणार. किसनने फोटो त्यांच्या हातात ठेवला. आबांनी तो लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला आणि मटकन खाली बसले. पारूआई धावत आल्या. त्यांनी फोटो घेतला, बघितला. हे कसं झालं असं त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. पदराने फोटोवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही माजी सोना." ठकी त्यांच्या मागे लपली होती. तिने मान पुढे काढून पाहिलं आणि कुणी न शिकवता म्हणाली, "आई."

आबा रडत होते. म्हणाले, "म्या तिच्या जागी दुसरीला उबी केली, किसन्या. तिचं दिस घालून अजून वरीस झालं न्हाई." किसन त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला, दुखरा पाय लांब करून, आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मी तिकाटणं उभं करायला लागलो, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं.

ठकीला सांभाळायला तिथेच राहिलेल्या हिराला किसननेच हाक मारली, तिच्या नावाने. ती तिच्या स्वतःच्या लुगड्यात आली, हात पाण्याने ओले. "भाऊ तुजा फोटो काडनार हायेत. तुजा, एकटीचा," किसन म्हणाला. ती नको नको म्हणाली आणि मग उभी राहिली, खळ्याच्या मधोमध. तशीच सकाळची वेळ. पेंढ्याची गंजी गुरांनी खाऊन अर्धी झाली होती, एवढाच फरक. मी कापडाखाली डोकं घातलं. आज तिच्या चेहऱ्यावर फोकस करत होतो.

"आज ऊन लागतंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "डोळे दिपत असतील तर जरा बाजूला सरका."

"न्हाई, त्या दिशी लागलं न्हवतं, म्हनून म्हनते. त्या दिशी माज्या म्होरं कुनीतरी उबं व्हतं. मान खाली व्हती माजी, म्हनून नुसते पाय दिसले. मला वाटलं, तुमीच कुनाला तरी आडवं उबं केलंय, माजं तोंड दिसू नये म्हनून."

मी कापडाखालून डोकं बाहेर काढलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. झालेली गोष्ट सांगावी तशी तिने सांगितली होती. त्या सकाळी तिच्या आणि माझ्यामध्ये पंचवीस पावलांवर बसलेली तिघं सोडली तर कुणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. कॅमेऱ्यातून मीच तर बघत होतो. प्लेटवरही तिच्या अंगावर ऊन पडलेलं दिसतं, सावली नाही. पण तिला स्वतःला ऊन लागलं नव्हतं.

हिराचा फोटो चांगला आला. मागचं मी त्या दिवशी पुसट केलं नाही. भोक बारीक केलं आणि गंजीच्या शेवटच्या काडीपर्यंत सगळं स्पष्ट घेतलं. का केलं, ते विचारू नका. मागे कुणी नव्हतं.

नंतर मी खूप डोकं चालवलं. वाटेत कुणी फोटो बदलला म्हणावं, तर शिक्का आणि अक्षर माझं. कुणी रंगवला म्हणावं, तर भिंगाखाली ब्रशचा एक फटकारा नाही. शिवाय सोनाचा फोटो तिच्या हयातीत कधी काढलेलाच नव्हता, मग कशावरून रंगवणार? प्लेट आजही माझ्याकडे आहे, पुढची स्पष्ट, मागची पुसट. तिच्यावरून मी पुढे बरेचदा कागद उतरवून पाहिले. दर वेळी प्लेटवर आहे तेच येतं. एक मात्र बदललं. फोटो काढताना मागे कुणी उभं असलं, माळी असो, मोलकरीण असो, की मी आधी त्याला पुढे बोलावतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, तरी बोलावतो.

त्या दिवशी भाज्याहून निघताना मी किसनला म्हटलं, फोटो चार दिवस माझ्याकडे दे. मुंबईला माझ्या ओळखीचे फार जाणते लोक आहेत, त्यांच्याकडे पाठवून विचारतो, हे कसं झालं असेल ते.

किसनने फोटो मेणकापडात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"लय लांबून घरी आलीया ती, भाऊ," तो म्हणाला. "आता तिला कुटं पाठवायची न्हाई."